नोंदणीपासून इंजेक्शनपर्यंत : बडोद्यातल्या नर्सेससाठी औषध-सुरक्षेचं मार्गदर्शन

डिसेंबर १९९३. दिल्लीच्या स्प्रिंग मीडोज हॉस्पिटलमध्ये टायफॉइडसाठी दाखल असलेल्या एका लहान मुलाला नर्सनं शिरेतून इंजेक्शन दिलं. द्यायचं होतं क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक, गेलं मलेरियाचं क्लोरोक्विन. मूल तिथंच कोसळलं, हृदय बंद पडलं, मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं हॉस्पिटलला जबाबदार धरलं आणि मुलाला साडेबारा लाख, आईवडिलांना पाच लाख ही भरपाई कायम केली. त्या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक नर्सनं लक्षात ठेवावी अशी आहे: त्या नर्सची कुठल्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच नव्हती.

नोंदणी हे ऑफिसचं काम आणि इंजेक्शन हे वॉर्डचं, अशी आपण मनात वाटणी करून टाकलेली असते. मला ती मान्य नाही. कौन्सिल ज्याला पात्रता म्हणते तिची परीक्षा रोज ट्रीटमेंट ट्रॉलीपाशी होते. शंका आली की डोस हातात रोखून धरता येतो का आणि समोर कुणीही असलं तरी विचारता येतं का, यावर ती ठरते. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच लिहिली आहे. बडोद्याचं सर सयाजीराव म्हणजे एसएसजी हॉस्पिटल असो, गोत्रीचं असो, मांडवीचं जमनाबाई असो की रावपुरा-कारेलीबागेतलं वीस खाटांचं नर्सिंग होम, पायऱ्या बदलत नाहीत.

आधी कागद

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकून बडोद्यात नोकरीला आलेल्या पुष्कळजणी महाराष्ट्राच्या नोंदणीवरच काम सुरू करतात. हे चालत नाही. गुजरातमध्ये काम करायचं तर गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवी. त्यासाठी मूळ राज्याच्या कौन्सिलचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि मग परस्पर-मान्यतेनं इथं नाव चढतं. अर्ज नोकरी लागण्याआधी टाका. हॉस्पिटलनं ‘नंतर बघू’ म्हटलं तरी तुम्ही थांबू नका, कारण तक्रार झाली की पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच येतो.

नूतनीकरण पाच वर्षांनी करायचं असतं आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या धोरणानुसार त्या काळात सतत-शिक्षणाचे १५० तास भरायचे असतात. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावा, शेवटच्या महिन्यात सगळं जमवायला गेलं की हाती काही लागत नाही. राष्ट्रीय नोंदवहीतला आधारशी जोडलेला ओळख क्रमांकही काढून ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी एक काम लगेच करावं: गुणपत्रिका, आधार आणि नोंदणी तिन्हीवर नाव जुळतं का ते बघावं आणि जुळत नसेल तर गॅझेटसह कौन्सिलला कळवावं. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या कपाटात ठेवायला देऊ नका. दाखवा, प्रत द्या, मूळ घरी आणा.

२०२३ साली संसदेनं राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७च्या जुन्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला आहे. त्यात राज्य आयोग, आचारसंहिता व नोंदणीचं वेगळं मंडळ, गैरवर्तनाच्या चौकशीत म्हणणं मांडण्याची संधी आणि वर अपील अशी रचना आहे. नोंदवहीत नाव नसताना नर्स म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही त्यात आहे.

ड्यूटीवर येताना स्वतःकडे बघणं

ताप आहे, सर्दीची गोळी घेतल्यानं डोळे मिटतायत, काल नाईट करून आज कुणाच्या बदली डबल ड्यूटी आहे, चष्मा घरी राहिलाय: यातलं काहीही असेल तर त्या दिवशी तुम्ही इंजेक्शन भरण्यास पात्र नाही. इन्चार्ज सिस्टरना सांगा की आज मला औषधांऐवजी दुसरं काम द्या. माणसं कमी आहेत म्हणून त्या नाही म्हणाल्या, तर निदान इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम यांची दुहेरी तपासणी मागा आणि तुम्ही कळवलं होतं हे ड्यूटी-रजिस्टरमध्ये एका ओळीत लिहा.

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे व्यवसायाची पात्रता तपासताना गैरवर्तन, कौशल्याची उणीव आणि आरोग्य हे वेगवेगळे मुद्दे मानले जातात. आजारी नर्सला गुन्हेगाराच्या रांगेत उभं केलं जात नाही. अमुक काळ देखरेखीखालीच काम कर अशा अटी घालून तिला कामावर ठेवता येतं. ही दृष्टी मला योग्य वाटते. ती आपल्या वॉर्डात आणायला कुठल्या कायद्याची वाट बघावी लागत नाही, इन्चार्जनं ठरवलं तर उद्यापासून होतं.

ऑर्डर वाचताना

औषधाचं नाव, डोस, मार्ग, वेळ, किती दिवस आणि डॉक्टरांची सही, यातलं एकही नसेल तर ती ऑर्डर अपुरी आहे. अपुरी ऑर्डर आपण आपल्या अंदाजानं पुरी करायची नसते.

युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ लिहिला की तो शून्यासारखा दिसतो, दहा युनिटचे शंभर होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिहून मागा. एक मिलिग्रॅमपुढे दशांश चिन्ह आणि शून्य लावू देऊ नका, चिन्ह पुसट झालं की दहा. उलट अर्ध्या मिलिग्रॅमच्या आधी शून्य हवंच, नाहीतर पाच वाचलं जातं. मायक्रोग्रॅमचं चिन्ह मिलिग्रॅमसारखं वाचलं गेलं तर डोस हजारपट होतो, म्हणून तोही शब्द पूर्ण.

आपल्या भागाचा एक खास धोका आहे. नातेवाईक, वॉर्डातल्या आयाबेन, कधी आपणसुद्धा आकडे गुजराती किंवा देवनागरी वळणाचे लिहितो. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊ वाटतो आणि चार हा आठ वाटतो. ट्रीटमेंट शीटवर, सलाईनच्या लेबलवर, हॅन्डओव्हरच्या वहीत आकडे इंग्रजीच. रुग्णाला घरी द्यायच्या चिठ्ठीवर मात्र त्याला वाचता येईल ते वळण वापरा आणि शेजारी शब्दांत लिहा.

तोंडी ऑर्डर फक्त तातडीच्या वेळी घ्यायची. फोनवर ऐकलं तर आधी लिहा, मग लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा, पलीकडून ‘बरोबर’ ऐका, वेळ आणि डॉक्टरांचं नाव टाका. सही हॉस्पिटलनं ठरवलेल्या मुदतीत घ्यायची. पंधरा आणि पन्नाससारखे आकडे इंग्रजीत सारखे ऐकू येतात, म्हणून अंक सुटे करून बोला: एक-पाच, पाच-शून्य.

औषध भरताना

इथं जास्त वेळ थांबते, कारण बहुतेक अनर्थ इथंच होतात.

अमिकासिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाजारात १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या व्हायल मिळतात आणि तिन्हीत द्रव दोनच मिली असतो. त्याच १८० मिलिग्रॅमसाठी पहिलीतून ३.६ मिली, दुसरीतून १.४४ मिली आणि तिसरीतून ०.७२ मिली काढावं लागतं. ‘काल दीड मिली दिलं होतं’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. हॅन्डओव्हर मिलीमध्ये देऊ नका, मिलिग्रॅममध्ये द्या. पुढच्या पाळीत स्टोअरमधून कुठली व्हायल येईल ते तुम्हाला ठाऊक नसतं.

इन्सुलिनच्या व्हायल आपल्याकडे दोन ताकदींच्या आहेत, मिलीमागे ४० युनिट आणि मिलीमागे १०० युनिट. चाळीसची सिरिंज लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर रुग्णाला ५० युनिट जातात. उलट केलं तर २० ऐवजी आठच. व्हायल आणि सिरिंज एकत्र धरून दोन्हींवरचा आकडा वाचल्याशिवाय सुई टोचू नका. लवकर काम करणारं इन्सुलिन द्यायच्या आधी जेवणाचं ताट खरंच आलंय का ते बघा. किचनमधून निघालंय असं नुसतं ऐकून देऊ नका.

पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची अँप्यूल म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक, पुढचे आकडेही त्यातच). ती थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. सलाईनमध्ये मिसळूनच द्यायची, हाताच्या शिरेतून साधारण लिटरमागे ४० च्या पुढं जायचं नाही आणि वॉर्डात तासाला दहाच्या आत राहायचं. मिसळल्यावर बाटली किंवा पिशवी अनेकदा उलटीपालटी करायची. पोटॅशियम जड असल्यानं तळाशी साचतं आणि पहिल्या काही मिनिटांतच एकवटून जातं. लटकवलेल्या सलाईनमध्ये वरून सोडणं तर कधीच नाही. सगळ्यात मोठं काम मात्र कपाटाचं आहे: या अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूल एका खणात दिसल्या तर आजच वेगळ्या करा. साध्या वॉर्डात पोटॅशियमचा साठा ठेवूच नये, लागेल तेव्हा मागवावं, या मताची मी आहे.

हेपरिनच्या पाच मिलीच्या व्हायलमध्ये एकूण ५,००० युनिट असतात किंवा २५,०००. पाचपटीचा फरक, आकार तोच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रिंगर लॅक्टेटच्या लाइनमधून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमशी साका धरतो. फेनिटॉइन हे फिटचं औषध डेक्स्ट्रोजमध्ये नाही, नॉर्मल सलाईनमध्ये, आणि मोठ्या माणसात मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर वेग नाही.

या सगळ्यांसाठी दुहेरी तपासणी हवी आणि ती खरी हवी. ‘बघ गं, सहा मिली बरोबर ना?’ असं विचारलं की दुसरी ‘हो’ म्हणणारच. तिला आपलं उत्तर सांगूच नका. ऑर्डर आणि व्हायल तिच्या हातात द्या, तिनं स्वतः हिशेब करावा, मग दोघींचे आकडे जुळवा.

औषध ओळखीसारखं वागलं नाही तर तिथंच थांबा. २०१७ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका रुग्णालयात नर्सकडून मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाऐवजी व्हेक्युरोनियम दिलं गेलं, ज्यानं श्वासाचे स्नायूच बंद पडतात. रुग्ण दगावली. मिडाझोलाम द्रवरूप असतं. व्हेक्युरोनियमची मात्र पावडर असते, ती पाण्यात मिसळावी लागते, आणि टोपणावर स्नायू लुळे पाडणारं औषध असल्याचा इशारा छापलेला होता. राज्याच्या नर्सिंग बोर्डानं आधी कारवाई केली नाही, नंतर २०२१ मध्ये त्या नर्सचा परवाना काढून घेतला, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवून तीन वर्षांची प्रोबेशन दिली. हात एरवीपेक्षा वेगळं काम करतोय हे कळणं, हीच तिथली शेवटची संधी होती.

पलंगापाशी

‘तुम्ही रमणभाई ना?’ असं विचारू नका. कमी ऐकू येणारा, ग्लानीत असलेला, किंवा मोठ्या हॉस्पिटलला बिचकलेला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तमारुं नाम शुं छे?’ असं विचारा, उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या, मग मनगटपट्टीवरचा केस नंबर जुळवा. छोटा उदेपूरकडून आलेल्या रुग्णांत राठवा हे आडनाव इतकं सर्रास आहे की एका ओळीत तीन राठवा असतात, त्यात नावंही जुळतात. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे, रात्री पलंग बदलले जातात. अलीराजपूर, झाबुआकडून आलेल्यांना गुजरातीही कधी कळत नाही. अशा वेळी नातेवाईक किंवा भाषा जाणणारी आया मध्ये घ्या, ॲलर्जीचा प्रश्न तर तिच्यामार्फतच पक्का करा.

घरून आणलेली औषधांची पिशवी सोडून बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांपासून होणारी हानी कमी करण्याची मोहीम सुरू केली तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला: जोखमीची औषधं व प्रसंग, एकाच वेळी अनेक औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातानाचा काळ. तालुक्याच्या दवाखान्यातून आलेल्या पिशवीत तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं असतं आणि रुग्ण दोन्ही घेत असतो.

सुट्टी देताना लहान मुलांच्या पॅरासिटामॉलबद्दल आईशी बसून बोला. थेंबांच्या बाटलीत मिलीमागे १०० मिलिग्रॅम असतात, साध्या सिरपमध्ये मिलीमागे २५. सिरपचं माप थेंबांना लावलं की चौपट डोस जातो.

डोस दिल्यावर सही त्याच वेळी करायची, आधी नाही आणि पाळीच्या शेवटी एकगठ्ठाही नाही. दिला नसेल तर कारण लिहा: उलटी, रक्तदाब कमी, औषध उपलब्ध नाही. ‘डॉक्टरांना कळवलं’ एवढं पुरत नाही. कुणाला, किती वाजता आणि ते काय म्हणाले, हेही लिहायचं.

डॉक्टरांना अडवावं लागलं तर

वाक्य तयार ठेवा: ‘सर, ही ऑर्डर मला नेहमीच्या डोसपेक्षा जास्त वाटतेय, तपासून पुन्हा लिहाल का? तोपर्यंत मी डोस दिलेला नाही.’ आवाज वर नको, माफीचा सूरही नको. ते चिडले तर इन्चार्ज, मग मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मग वरिष्ठ डॉक्टर. हा क्रम आपल्या हॉस्पिटलनं लिहून ठेवलेला असावा, नसेल तर मागून घ्या. नव्या मुलींना मी हे वाक्य मोठ्यानं म्हणायला लावते, कारण पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो.

यात कायद्याचं पाठबळ कमी आणि जोखीम जास्त आहे, तेही सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला ती दोन वर्षांपर्यंतच. पण त्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीतले डॉक्टर येतात, नर्स येत नाही. एकाच ऑर्डरमागं दोघांच्या शिक्षेची कमाल मर्यादा वेगळी, हे मला अन्यायाचं वाटतं आणि नर्सेसच्या संघटनांनी त्यावर बोलायला हवं. तोवर ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं’ एवढ्यावर विसंबून राहू नका.

चूक घडली तर

पहिला रुग्ण. औषध चालू असेल तर बंद करा, शिरेतली सुई मात्र काढू नका, ती लागणार आहे. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन आणि साखर तपासा. डॉक्टरांना नेमके शब्द सांगा: कुठलं औषध, किती, कोणत्या मार्गानं, किती वाजता. इन्सुलिन जास्त गेलं तर डेक्स्ट्रोज, मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकाला नॅलॉक्सोन, हेपरिनला प्रोटॅमिन, पोटॅशियमला ईसीजी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट: ही तयारी त्यांच्या ऑर्डरआधीच ट्रॉलीवर हवी. लपवण्यात गेलेली दहा मिनिटं रुग्णाच्या वाट्याची असतात.

रिकामी व्हायल, सिरिंज, सलाईन टाकू नका, नाव-वेळ लिहून इन्चार्जकडे द्या. केस पेपरवर घडलं तेच लिहा, कारणं आणि दोष तिथं नकोत. त्यांच्यासाठी इन्सिडेंट रिपोर्ट वेगळा भरा. आधी लिहिलेलं खोडायचं तर एकच आडवी रेघ, वर सही आणि वेळ. पांढरी शाई लावलेलं किंवा पान बदललेलं रेकॉर्ड मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करतं. नातेवाइकांशी डॉक्टर आणि वरिष्ठ सिस्टरनी मिळून बोलावं, नवख्या मुलीला एकटीला पुढे करू नये.

औषध बरोबर देऊनही विपरीत परिणाम दिसला तर तो भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवा. नर्स स्वतः कळवू शकते. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

नोटीस आली तर

मुदत बघा आणि त्या आत लेखी उत्तर द्या. तोंडी समजूत घालण्यावर अवलंबून राहू नका. ट्रीटमेंट शीट, नर्सिंग नोट्स आणि त्या पाळीच्या ड्यूटी-रोस्टरची प्रत लेखी अर्जानं मागा. रोस्टर महत्त्वाचं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात शिक्षण-रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स धरली आहे. त्या रात्री तुमच्याकडे चाळीस रुग्ण असतील तर ते चौकशीपुढं आलं पाहिजे. कोऱ्या कागदावर किंवा दुसऱ्यानं लिहिलेल्या ‘कबुलीवर’ सही करू नका. कौन्सिलची चौकशी, हॉस्पिटलची चौकशी आणि पोलिसांची चौकशी या वेगळ्या आहेत. तिन्हींतलं तुमचं म्हणणं तारखांसह एकसारखं हवं, म्हणून घडल्या दिवशीच स्वतःसाठी एक टिपण लिहून ठेवा.

सहकारी स्वतःसाठी औषध काढून घेतोय अशी शंका असेल तर तीही याच भागात येते. फेंटानिल, मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकांचा साठा दुहेरी कुलपात, उरलेला भाग दोघींच्या सहीनं टाकायचा, रजिस्टर प्रत्येक पाळीला मोजायचं. एकाच्याच ड्यूटीत अँप्यूल वारंवार ‘फुटत’ असेल, रुग्ण मात्र दुखतंय म्हणून कण्हत असेल, तर इन्चार्जना एकांतात सांगा. चहाच्या टेबलावर ते बोलायचं नाही. व्यसनात अडकलेल्याला उपचार मिळण्याचा रस्ताही तिथूनच सुरू होतो.

परदेशी जायचं असेल तर

ब्रिटनचं कौन्सिल तुमच्या इथल्या नोंदणीबद्दल आणि तुमच्यावर कारवाई झाली आहे का याबद्दल इथल्या नियामकाकडून माहिती घेतं. तिथं अर्जात चौकशी लपवणं हा स्वतंत्र दोष ठरतो, मूळ चूक छोटी असली तरी. म्हणून चौकशी झाली असेल तर तिचा निकाल, तुम्ही नंतर घेतलेलं प्रशिक्षण आणि वरिष्ठांचं पत्र एकत्र ठेवा. तिथल्या समितीपुढं ताकीद, कामावर अटी, एक वर्षापर्यंत निलंबन आणि शेवटी नाव काढून टाकणं असे पर्याय असतात. नाव काढलं की पाच वर्षं परत अर्जही करता येत नाही. तिथल्या नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत औषध देण्याचा टप्पा असतो. तिथंही रुग्णाचं नाव त्याच्या तोंडून विचारणं, ॲलर्जी तपासणं आणि दिल्यावर लगेच सही करणं हेच बघतात, त्यामुळे सराव बडोद्यातल्या वॉर्डातच आणि आत्तापासून करा.